वजनाचं इंजेक्शन घेण्याआधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुळशीचं लग्न झालं, की आमच्या दवाखान्यात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. पाळीच्या तक्रारी घेऊन मुली वर्षभर येतच असतात. पण या दिवसांत येणाऱ्या मुलीबरोबर बहुतेक वेळा आई असते, आणि आईच्या बोलण्यात पहिल्या दोन मिनिटांत लग्नाची तारीख येते. गेल्या मोसमात अशीच एक मायलेकींची जोडी आली. मुलगी २६ वर्षांची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारी. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८२ किलो. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी अडीच महिन्यांनी. हनुवटीवर थोडी लव.

आई म्हणाल्या, "मॅडम, साडेतीन महिन्यांवर लग्न आलंय. हिच्या मैत्रिणीनं ते पोटाला टोचायचं इंजेक्शन घेतलं आणि नऊ किलो उतरली. तेवढं हिला लिहून द्या. बाकी काही नको."

मुलगी काहीच बोलत नव्हती. तिनं फक्त मोबाइल पुढे केला. त्यावर त्या इंजेक्शनच्या पेनाचा फोटो होता.

हे 'बाकी काही नको' मी गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकलं आहे, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. कारण वजनाची औषधं वाईट आहेत, असं माझं म्हणणं नाही. काही खरोखर चांगली आहेत. पण ती कुणासाठी, कशासाठी, किती दिवस, आणि मध्येच दिवस राहिले तर काय, हे चार प्रश्न 'बाकी काही नको'मध्ये वाहून जातात.

आपल्याकडे ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात, त्याचं वैद्यकातलं नाव पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. १९३५ साली अमेरिकेत शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित, मूल होत नाही, काहींच्या अंगावर जास्त केस, काही स्थूल, आणि सगळ्यांचे अंडाशय आकारानं मोठे. तेव्हापासून या आजाराला अंडाशयाचं नाव चिकटलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सिस्ट' हा शब्द वाचला, की घरात रडारड होते. 'गाठी आहेत, ऑपरेशन लागेल का?' असं विचारलं जातं. त्या गाठी नसतात. दर महिन्याला स्त्रीबीजाच्या ज्या छोट्या पिशव्या वाढायला लागतात, त्यांतली एक पूर्ण पिकून फुटायला हवी. इथं त्या अर्धवट वाढून थांबतात आणि सोनोग्राफीत ओळीनं दिसतात, एवढाच त्याचा अर्थ.

निदानाचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला झालेल्या बैठकीत ठरले. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार, उदाहरणार्थ थायरॉइडचा, तपासून बाजूला ठेवायला हवेत. मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींची पाहणी परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं केली होती. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रॉटरडॅमचे निकष लावले तर २२.५ टक्के मुलींत हा त्रास निघाला. जास्त कडक निकष लावले, तरीही जवळजवळ ११ टक्के. म्हणजे एका वर्गात ४० मुली असतील, तर त्यांतल्या किमान चारजणी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात हा त्रास असणाऱ्या स्त्रियांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे, हेच माहीत नसतं.

आता वजनाकडे वळू. त्या दिवशी मी मुलीला तपासताना तिची मान पाहिली. मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा होता. आई लगेच म्हणाल्या, "किती घासते मी डाळीच्या पिठानं! दही लावलं, लिंबू लावलं. नीट अंघोळच करत नाही ही."

श्रोतेहो, हा काळा पट्टा मळाचा नसतो. तो रक्तातलं इन्सुलिन वाढल्याची खूण असतो. कितीही घासलं तरी जाणार नाही. उलट घासून घासून जास्त काळा होईल. वर्षानुवर्षं या मुलीनं 'नीट अंघोळ करत नाहीस' हे ऐकून घेतलं होतं, आणि दोष होता तिच्या शरीरातल्या एका संप्रेरकाचा.

इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींत पोचवायचं. पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या शरीरात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. कडी वाजवली तरी दार उघडत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी जोरानं कडी वाजवतं, जास्त इन्सुलिन सोडतं. साखर काही वर्षं ताब्यात राहते. पण हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयापर्यंत पोचतं आणि तिथं पुरुषी संप्रेरकं वाढवतं. त्यानं स्त्रीबीज पिकत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते, मुरमं येतात. इन्सुलिन चरबी साठवायलाही मदत करतं, विशेषतः पोटावर. पोटावरची चरबी वाढली, की पेशी इन्सुलिनला आणखी दाद देईनाशा होतात. असं हे रहाटगाडगं फिरत राहतं. म्हणून 'वजनामुळे पीसीओडी झाला की पीसीओडीमुळे वजन वाढलं' या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे.

आपल्या लोकांत यात आणखी एक भर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास १९९३ पासून केला, त्यातून जगाला कळलं, की आपली बाळं वजनानं हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं. मोठेपणीही तेच. म्हणून वजन आणि उंची यांचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते युरोपीय माणसासाठी ३० झालं की स्थूल म्हणतात. आपल्यासाठी ती रेघ २५ वर धरतात. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की आम्ही सावध होतो. या मुलीचा बीएमआय होता ३३.

इथं एक चांगली बातमी सांगते. रहाटगाडगं थांबवायला वजन 'फोटोत छान दिसेल' एवढं उतरावं लागत नाही. पाच ते दहा टक्के उतरलं, तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते, स्त्रीबीज सुटायला लागतं, साखर आणि कोलेस्टेरॉल सुधारतं. ८२ किलोच्या मुलीसाठी हा हिशेब चार ते आठ किलोंचा झाला. आईंनी मनात धरलं होतं वीस. आजाराची गरज आणि समारंभाची गरज यांतलं अंतर इथं दिसतं.

आता औषधांविषयी बोलते. आधी माझ्याच एका चुकीची कबुली देते.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सिब्युट्रामीन नावाची गोळी वजनासाठी मिळत असे. मेंदूतल्या रसायनांवर काम करून ती भूक कमी करायची. १९९७ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली होती आणि पुढे काही वर्षांनी पीसीओएसच्या स्त्रियांतही तिचे चांगले परिणाम दिसल्याचे अभ्यास आले. माझ्याकडे एक शिक्षिका येत असे, तिशीतली, ८८ किलोंची. मी तिला ही गोळी सुरू केली. चार महिन्यांत ती सात किलो उतरली. पाळी दर महिन्याला यायला लागली. पेढे घेऊन आली होती! पाचव्या महिन्यात छातीत धडधड सुरू झाली, रक्तदाब वाढला. मी गोळी बंद केली. ते बरोबरच होतं. चूक पुढे झाली. गोळी बंद केल्यावर काय होईल, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. वजन परत चढायला लागलं. पहिल्या वेळी मी तिला म्हटलं, "तुम्ही पुन्हा खायला लागलात वाटतं." दुसऱ्या वेळी ती आलीच नाही. सहा वर्षांनी आली तेव्हा तिला मधुमेह झालेला होता. मला म्हणाली, "मॅडम, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

लाज मला वाटायला हवी होती. औषधानं दाबून ठेवलेली भूक औषध गेल्यावर परत येणारच. तो तिचा गुन्हा नव्हता.

सिब्युट्रामीनचं पुढे काय झालं? हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त प्रमाणात आले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ती बाजारातून गेली, २०११ मध्ये भारतातही बंदी आली. त्याच काळात रिमोनाबंट नावाची दुसरी गोळी आली होती. तिनं वजन उतरायचं, पण माणसं नैराश्यात जायची. २००८ मध्ये युरोपात तिची विक्री थांबवली गेली. वजनाच्या औषधांचा इतिहास असा आहे. धूमधडाक्यात येतात आणि मागच्या दारानं जातात. म्हणून नव्या औषधाचं मी स्वागत करते, पण आरती ओवाळत नाही.

बंदी आलेलं औषध पूर्ण नाहीसं होतं असंही समजू नका. 'शंभर टक्के नैसर्गिक', 'आयुर्वेदिक' असं लिहून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरींत आणि कॅप्सूलांत लपवून घातलेलं सिब्युट्रामीन अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडलं आहे. ज्या डब्यावर घटक नीट लिहिलेले नाहीत, औषध देणाऱ्याचं शिक्षण माहीत नाही, आणि 'पंधरा दिवसांत सात किलो' अशी हमी आहे, तो डबा घरात आणू नका. तसंच, थायरॉइड नॉर्मल असताना फक्त वजनासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या मुली मला भेटतात. त्यानं हृदय आणि हाडं दोन्ही बिघडतात.

आता जी औषधं आज वापरात आहेत, त्यांच्याकडे येऊ.

पहिलं मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्यावरून तिचा शोध लागला, १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. १९९४ मध्ये व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी ती पीसीओएसच्या स्त्रियांना देऊन पाहिली आणि पाळी सुधारल्याचं दिसलं. त्यानंतर ती जगभर पसरली. मुलीला मधुमेहाची गोळी दिली, की आई घाबरतात. 'हिला शुगर आहे का?' असं विचारतात. नाही. पेशींनी इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून ती देतो. पण तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. वजन उतरतं ते दोन-तीन किलो, काहींचं तेवढंही नाही. ही मुख्यतः वजनाची गोळी नव्हे. साखर, इन्सुलिन आणि पाळी यांसाठी तिचा उपयोग जास्त. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. जेवणाबरोबर आणि थोड्या डोसनं सुरू केली की बहुतेकांना सोसते. वर्षानुवर्षं घेतली तर शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, म्हणून अधूनमधून तपासावं.

मूल हवं असलेल्यांसाठी एक आकडा सांगते. २००७ मध्ये अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, तर स्त्रीबीज पिकवणाऱ्या क्लोमिफीन या गोळीवर २२.५ टक्के. आता त्याहून सरस लेट्रोझोल ही गोळी पहिली पसंती आहे. तेव्हा मूल हवं असेल, तर वजनाच्या औषधात वर्षं घालवू नका. त्यासाठी वेगळी, नेमकी औषधं आहेत.

दुसरं ऑर्लिस्टॅट. हे रक्तात जवळजवळ शिरतच नाही. आतड्यातच काम करतं. खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी सुमारे ३० टक्के पचू देत नाही, ते शौचावाटे बाहेर टाकतं. ऐकायला छान वाटतं. पण गोळी घेऊन वर तर्रीदार मिसळ खाल्ली, तर काय होतं ते मी सभ्य भाषेत एवढंच सांगते, की माझी एक पेशंट ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. तेलकट शौच, घाई, कपड्यांना डाग. म्हणून पुष्कळजणी दोन महिन्यांत सोडून देतात. ज्या कमी तेलात जेवायला तयार असतात, त्यांना तिचा माफक उपयोग होतो. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं मात्र वेगळी द्यावी लागतात.

आणि तिसरी, सध्या गाजणारी इंजेक्शनं. त्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. पण ते काही मिनिटांतच विरघळून जातं. अमेरिकेतल्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात डॉ. जॉन इंग यांना १९९२ च्या सुमारास असाच, पण जास्त वेळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून २००५ मध्ये मधुमेहाचं पहिलं इंजेक्शन आलं. पुढे लिराग्लुटाइड आलं, ते रोज घ्यायचं. मग सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा. मग दोन संप्रेरकांचं काम करणारं टिर्झेपाटाइड. शेवटची दोन २०२५ मध्ये भारतात वजनासाठी अधिकृतपणे मिळू लागली.

त्यांचा परिणाम खरा आहे, हे मान्य करायलाच हवं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९६१ माणसांच्या अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण हे अभ्यास सर्वसाधारण स्थूल माणसांवरचे आहेत. पीसीओएसच्या स्त्रियांवरचे अभ्यास लहान आहेत. अमेरिकेत ८२ स्त्रियांना ३२ आठवडे लिराग्लुटाइड किंवा पाणी देऊन पाहिलं, वजन ५.७ टक्के उतरलं, पाणी घेणाऱ्यांचं १.४ टक्के. डेन्मार्कमधल्या अभ्यासात २६ आठवड्यांत सुमारे पाच किलो वजन आणि यकृतातली चरबी ४४ टक्क्यांनी कमी झाली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ही औषधं 'विचारात घ्यावीत' असं म्हटलं आहे, तेही आहार-व्यायामाच्या जोडीनं. वजनासाठी त्यांना मान्यता आहे, खास पीसीओएससाठी नाही.

आता त्या आईंच्या मैत्रिणींनी न सांगितलेल्या गोष्टी.

पहिली. हे औषध थांबवलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या त्याच अभ्यासातल्या काही लोकांना औषध थांबवून पुढचं वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं होतं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढतो, तसंच हे. म्हणून लग्नापुरतं साडेतीन महिने घ्यायचं हे औषधच नाही. शिवाय ते थोड्या डोसनं सुरू करून महिन्या-महिन्यानं वाढवावं लागतं. साडेतीन महिन्यांत पूर्ण डोसही गाठला जात नाही. घाईनं डोस वाढवला, तर उलट्यांनी मुलगी बेजार होते.

दुसरी. वजन उतरायला लागलं, की बंद पडलेलं स्त्रीबीज सुटायला लागतं. 'मला पीसीओडी आहे, मला कुठे दिवस राहणार' या समजुतीत राहिलेल्या स्त्रियांना अचानक दिवस राहतात. गर्भावर या औषधांचा काय परिणाम होतो, याची पुरेशी माहिती हाती नाही. म्हणून मूल हवं असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. औषध चालू असताना गर्भनिरोधक हवंच. टिर्झेपाटाइडमुळे तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं. औषधाच्या दुकानातून परस्पर पेन आणणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार?

तिसरी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांना होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात असह्य कळ येऊन पाठीत जायला लागली, तर थेट रुग्णालय गाठायचं. थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा घराण्यात इतिहास असेल, तर हे औषध देत नाहीत. आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. भूक नाही म्हणून दिवसभर चहा-बिस्किटांवर काढलं, तर बाई बारीक होते आणि जिना चढताना धापा टाकते. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे घरात चालतं ते पोटात जायला हवं, आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा.

चौथी. दरमहा खर्च हजारांत जातो. किमती बदलत आहेत, उतरतीलही. पण दर महिन्याला किती परवडेल आणि किती महिने, हा हिशेब आधी मांडावा. कर्ज काढून चार महिने घेण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांचं वजन मुळात जास्त नाही, अशाही पीसीओएसच्या पुष्कळ मुली असतात. त्यांना या औषधांची गरज नाही.

वजनाचं औषध म्हणजे पीसीओएसचा सगळा उपचार नव्हे, हेही सांगायला हवं. तीन-तीन महिने पाळी येत नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका संभवतो. म्हणून पाळी आणण्याची औषधं वेगळी द्यावी लागतात. लव, मुरमं यांचे उपचार वेगळे. साखर तपासणं वेगळं. आणि मन उदास आहे का, हे विचारणं सगळ्यांत आधी. या मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, आणि आपण त्यांना भेटल्या भेटल्या काय म्हणतो? 'अगं, किती सुटलीस!'

पुन्हा त्या मायलेकींकडे येते. सगळं ऐकून घेतल्यावर मी मुलीला विचारलं, "लग्नानंतर मूल कधी हवंय तुला?"

उत्तर आईंनी दिलं. "लगेच. सासरच्यांची तशी इच्छा आहे. म्हणून तर म्हणते, वजन आधी उतरू दे."

मी म्हटलं, "ताई, तिला सांगू दे."

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "दोन वर्षांनी. आमचं दोघांचं ठरलंय." आई तिच्याकडे बघतच राहिल्या. हे त्यांना माहीत नव्हतं.

श्रोतेहो, औषध कोणतं द्यायचं हे त्या एका वाक्यावर अवलंबून होतं. लगेच मूल हवं असतं, तर या इंजेक्शनांचा विचारच करायचा नव्हता. दोन वर्षं हातात होती म्हणून आमच्यापुढे पर्याय होता. मी घाई केली नाही. ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी केली. ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. मेटफॉर्मिन सुरू केलं, पाळीसाठी औषध दिलं, आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री साडेदहाचं जेवण साडेआठवर आलं. ऑफिसातल्या खुर्चीवरून दर तासाला उठून चालायचं ठरलं. मानेला डाळीचं पीठ लावणं बंद. लग्नाच्या दिवशी ती ७८ किलोंची होती. शिंप्यानं ब्लाउज थोडा आत घेतला म्हणे.

लग्नानंतर नवऱ्याला घेऊन आली. दोघांना समोर बसवून मघाचे ते चार प्रश्न पुन्हा विचारले. कशासाठी? साखर आणि पाळीसाठी. किती दिवस? निदान दीड वर्ष, आणि नंतर वजन थोडं परत येईल हे धरून. दिवस राहिले तर? त्यासाठी तांबी बसवली. कुणासाठी? यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "माझ्यासाठी." मग मधुमेहतज्ज्ञांच्या सल्ल्यानं सर्वांत लहान डोसनं इंजेक्शन सुरू केलं. आता तिसरा महिना चालू आहे. पहिले पंधरा दिवस मळमळीत गेले. वजन सावकाश उतरतं आहे. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर आली आहे.

आणि एक गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवली आहे, जी त्या शिक्षिकेला सांगायची राहून गेली होती. वजन परत चढलं, तरी यायचं. उलट तेव्हा तर नक्की यायचं. तोंड लपवायचं नाही.

घरात अशी एखादी मुलगी असेल, तर आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. तिच्या मानेवरचा काळा पट्टा घासू नका. तिला जवळच्या डॉक्टरांकडे न्या, आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला देऊ द्या.